चाळीसातली सहाच पोरं उरली, बंद करू का?

पत्र असं आलंय:

ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातला, वय 29, घरची दीड एकर द्राक्षबाग बघतो आणि चार वर्षं झाली मंडळाचा अध्यक्ष आहे. गावात चौदा ते एकोणीस वयाची चाळीसभर पोरं आहेत, संध्याकाळ झाली की पारावर नाहीतर टाकीखाली बसतात, मोबाईल, रील, दोघं-तिघं मावा खातात आणि एक जण त्याच्याही पुढं गेलाय असं ऐकतो. मागच्या वर्षी गणपतीत डॉल्बी लावला नाही, ते पैसे पोरांसाठी वापरायचं ठरवलं. व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवलं, मोबाईलचे दुष्परिणाम सांगायला एक सर आणले, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन झालं, व्यक्तिमत्त्व विकासाचं तीन दिवसांचं शिबिर घेतलं, टीशर्ट छापले. 38 हजार गेले. पहिल्या दिवशी चाळीस पोरं, शेवटच्या कार्यक्रमाला सहा. आता गावातली मोठी माणसं म्हणतात पोरं वाया गेलीत, नाद सोड, देवळाला रंग देऊया. बायको म्हणते आधी बाग बघा. खरं सांगा ताई, बंद करू का? का माझंच कायतरी चुकतंय?
— एक अध्यक्ष, तासगाव तालुका

तुला अरेतुरे करते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना जे जाणवलं ते आधी सांगते. गेलेल्या चौतीस पोरांबद्दल तू सगळं लिहिलंयस, कुठं बसतात, काय खातात, काय बघतात. पण जी सहा शेवटपर्यंत आली ती कोण, कुणाची, का आली, त्यांना काय येतं, यावर पत्रात एक ओळ पण नाही. तू वाईट माणूस आहेस म्हणून नाही रे, तसा असतास तर डॉल्बीचे पैसे वाचवले नसतेस, त्यासाठी मंडळात किती जणांशी वाजलं असेल ते मला कळतंय. पण आपल्या सगळ्यांनाच ही सवय लागलीय, पोरांकडं बघायचं ते बिघडलेल्या मोटारीसारखं, कुठं काय जळालंय तेवढं शोधायचं.

बंद करू नको. पण जे चाललं होतं तेच परत सुरू करू नको.

तू घेतलेल्या कार्यक्रमांची नावं एकाखाली एक लिहून बघ. व्यसन करू नका, मोबाईल बघू नका, अभ्यास करा, व्यक्तिमत्त्व सुधारा. सोळा वर्षाच्या पोराच्या जागी बसून ऐक जरा, चारही वेळा त्याला एकच ऐकू येतं की तुझ्यात खोट आहे आणि ती काढायला आम्ही सांगलीवरनं माणूस आणलाय. हे त्याला घरात बाप रोज सांगतो, शाळेत सर सांगतात, बसस्टँडवर ओळखीचे काका सांगतात. पाचव्यांदा ऐकायला तो सतरंजीवर येऊन का बसेल? आणि मावा खाणारी तर दोघं-तिघंच आहेत असं तूच लिहिलंयस, मग उरलेल्या सदतीस जणांना काय मिळालं त्या व्याख्यानातनं?

यावर जगात बराच अभ्यास झालाय, थोडं सांगते कारण तुला मोठ्या माणसांपुढं बोलायला उपयोगी पडेल. अमेरिकेत पण वर्षानुवर्षं तरुणांसाठीचं काम म्हणजे दारू सोडवा, गुन्हे थांबवा, शाळा सोडणारे परत आणा असंच होतं. साधारण 1990 नंतर तिथल्या लोकांनी प्रश्न उलटा विचारायला सुरुवात केली, की पोरात काय बिघडलंय ते सोडा, त्याच्यात काय आहे आणि ते वाढायला त्याच्या आसपास काय लागतं? टफ्ट्स विद्यापीठातल्या रिचर्ड लर्नर यांनी 2002 पासून पाचवीतली पोरं घेतली आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांच्या मागं राहून बघितलं, 42 राज्यांतली सात हजारांवर पोरं होती त्यात. त्यांनी बघायच्या म्हणून पाच गोष्टी धरल्या, पोराला काहीतरी नीट करता येणं, स्वतःवर भरवसा असणं, माणसांशी घट्ट नातं, सचोटी आणि दुसऱ्याबद्दल कळवळा. ही पाच वाढली की सहावी मागनं येते, तो घराला गावाला काहीतरी द्यायला लागतो. आणि चांगल्या उपक्रमात तीन गोष्टी लागतात असं त्यांनी मांडलं. घरच्यांशिवाय एखादं मोठं माणूस जे निदान वर्षभर तरी टिकून सोबत राहतं, हाताला काहीतरी कौशल्य, आणि ते वापरून पुढाकार घ्यायची खरी संधी. तुझ्या 38 हजारांत या तिन्हीतलं काय होतं सांग बरं. सर आले, बोलले, श्रीफळ शाल घेतली, गेले. त्यांनी एका तरी पोराचं नाव विचारलं असेल का?

आता अमेरिका ठेव बाजूला, आपल्याकडं याच्या आधीपासनं हे करून दाखवलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, पुढं धनिणीच्या बागेत. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वयंपाक पोरं करायची, शेतात पोरं राबायची. कमवा आणि शिका हे शब्द आता आपण बोर्डावर वाचून पुढं जातो पण त्याचा अर्थ बघ, त्या अण्णांनी गरिबाच्या पोराला व्याख्यान दिलं नाही, तुझ्याकडं दोन हात आहेत आणि इथलं काम तुझ्यावाचून अडलंय एवढं दाखवलं. आणि लक्ष्मीबाईंनी, म्हंजे वहिनींनी, पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्र सुद्धा गेलं. पोरांना ते दिसत होतं. आपल्यासाठी कुणीतरी एवढं करतंय हे डोळ्यांनी दिसलं की पोरगं वेगळं वाढतं, याला कुठला अभ्यास लागत नाही.

माझं एक सांगते. साताऱ्यात आम्ही पेठेतल्या पोरांसाठी पहिल्यांदा उन्हाळी शिबिर घेतलं तेव्हा साठ पोरं होती, मातीकाम, गाणी, सज्जनगडाची सहल, शेवटच्या दिवशी समारोप, सगळ्यांना प्रमाणपत्रं, फोटो पेपरात, आम्ही खुश. जूनमध्ये एक दिवस संध्याकाळी एक बारा वर्षाचा पोरगा दारात, म्हणाला ताई आता परत कधी? मी म्हणाले पुढच्या उन्हाळ्यात. तो तरी पण पुढचे तीन शनिवार आला, त्या हॉलचं कुलूप बघून परत गेला, हे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं. चौथ्या शनिवारी आला नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं, त्या पोरानं आपल्याकडनं काय मागितलं होतं, एक दार उघडं. तेव्हापासनं शनिवार संध्याकाळी पाच ही वेळ आम्ही चौदा वर्षं मोडली नाही, दोन पोरं आली तरी उघडायचं, पाऊस असला तरी उघडायचं, आणि खरंच कितीतरी शनिवार दोनच आली.

म्हणून पहिलं हे ठरव, आठवड्यातला एक वार, एक वेळ, एक जागा. मोठं काही नको. समाजमंदिर असू दे, शाळेची एक खोली असू दे. पण वेळ ठरवताना बागेचं गणित धर, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, फेब्रुवारी-मार्चला माल काढणी आणि बेदाण्याची शेड, तेव्हा तुझी निम्मी पोरं कामावर असतात आणि ती आली नाहीत म्हणून बेशिस्त ठरवू नको. माझा अंदाज आहे तुझ्या शिबिराला पोरं कमी झाली त्याला हे पण कारण असेल, तारीख तपासून बघ.

दुसरं, माणूस. तू एकटा पुरणार नाहीस आणि तू खचशील, बायकोचं म्हणणं अगदी बरोबर आहे, बाग सोडून हे करू नको. आपल्या सातारा-सांगलीत गावोगाव रिटायर फौजी आहेत, निवृत्त गुरुजी आहेत, आशाताई आहेत, एखादा वायरमन असतो ज्याच्या मागं पोरं आधीच फिरत असतात. त्यातली दोन माणसं धर, त्यात एक बाई पाहिजेच. आठ-दहा पोरांमागं एक माणूस, त्याच्यावर नाही. आणि ती माणसं निवडताना भाषण चांगलं करणारा घेऊ नको, ऐकणारा घे. ज्याला पोराचं नाव, त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्याचा गणित विषय राहिलाय, हे माहीत असतं तो माणूस.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, संकोच न करता. पोरांसोबत काम करायला येणारा प्रत्येक जण चांगलाच असतो असं नाही. पहिल्या दिवसापासनं नियम करा की कुठलाही मोठा माणूस एका पोराबरोबर किंवा पोरीबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, दार उघडं, कायम दोन मोठे. बाहेरगावी न्यायचं तर घरच्यांची लेखी परवानगी. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मोठी माणसं आणि त्यातली एक बाई, रात्री पोरींना खाजगी मेसेज कुणी करायचा नाही. अठरा वर्षाखालच्या मुलामुलींसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा आहे आणि अत्याचार कळून दडवणं हा पण गुन्हा आहे, गावाची बदनामी होईल म्हणून गप्प बसायचं नाही. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हे ऐकून एखादा कार्यकर्ता रागावला तर रागावू दे.

आता तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, काम. खेळ झाला, गाणी झाली, पण पोरांच्या अंगावर खरं काम पाहिजे, असं काम की ते त्यांनी नाही केलं तर गावाचं अडेल. रॉजर हार्ट नावाच्या माणसानं 1992 ला युनिसेफसाठी एक शिडी मांडली होती, आठ पायऱ्यांची, मुलांचा सहभाग किती खरा ते मोजायला. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही, मोठ्यांनी पोरांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं बोलायला लावणं. तुझ्या कार्यक्रमात पोरांनी काय केलं ते आठव, खुर्च्या लावल्या, टीशर्ट घातले, टाळ्या वाजवल्या, ग्रुप फोटोला उभी राहिली. एक तरी निर्णय त्यांनी घेतला का? वक्ता कोण आणायचा हे तरी विचारलं का कुणी? मला वाटतं पोरं कंटाळून गेली नाहीत, त्यांना कळलं की आपलं इथं काही काम नाही.

तुम्ही बागायतदार माणसं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, मला फार आवडते. अमेरिकेत 4-एच म्हणून खेड्यातल्या मुलांची मोठी चळवळ आहे, तिची सुरुवात 1902 ला ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत एका शाळा अधिकाऱ्यानं काढलेल्या मुलांच्या क्लबातनं झाली असं धरतात. त्या काळात विद्यापीठात नवीन बियाणं, नवीन पद्धती निघत होत्या पण म्हातारे शेतकरी हात लावायला तयार नव्हते, आपल्याकडं असतात तसेच. पोरं मात्र तयार होती. मग पोरांच्या हाती बियाणं आलं, स्वतःचा तुकडा लावायचा, नोंद ठेवायची, आणि मका चांगला आला तो बघून बाप शिकले. म्हंजे पोरं सुधारायला नव्हती घेतली, पोरांमुळं शेती सुधारली.

तुमच्याकडं असं काय करता येईल? निर्णय पोरांचाच पाहिजे पण त्यांना सुचलं नाही तर पुढ्यात ठेवायला एक कल्पना देते. द्राक्षवाल्याचं सगळं पावसावर, फळछाटणीनंतर किती पडला, कधी पडला, पान किती वेळ ओलं राहिलं, त्यावर दावण्याच्या, म्हंजे पानावरच्या बुरशीच्या, औषधाचा निर्णय. मग गावात तीन ठिकाणी, वरच्या मळ्यात, गावठाणात, ओढ्याकाठी, साधे नरसाळ्याचे पर्जन्यमापक बसवा, काही शे रुपयांत मिळतात, आणि रोज सकाळी साडेआठला वाचून गावाच्या ग्रुपवर आकडा टाकायचं काम पोरांचं. हवामान खातं पण सकाळी साडेआठलाच मोजतं, म्हणून तीच वेळ. शाळा-कॉलेजच्या वेळेमुळं पाळ्या लावाव्या लागतील, त्या पण त्यांनाच लावू दे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी हे एकदा समजलं की आपल्या दीड एकरावर किती लिटर पडलं ते पोरगं स्वतः काढेल, मोबाईलवरच काढेल, आणि तोच मोबाईल ज्याच्यावर तू व्याख्यान ठेवलं होतंस. काय होईल बघ, पहिले पंधरा दिवस कुणी लक्ष देणार नाही, मग एक दिवस पोरगं झोपून राहील आणि नऊ वाजता कुणीतरी आबा फोन करतील, अरे आज वरच्या मळ्यात किती झाला? तो फोन त्या पोराला पाच शिबिरांपेक्षा जास्त शिकवेल. गावातल्या मोठ्या माणसाला आपली गरज लागली हे त्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच होत असेल.

आणि चुकू द्या त्यांना. आमच्याकडं पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आम्ही एका तेरा वर्षाच्या मुलीकडं दिली होती, सगळे म्हणाले पुस्तकं जाणार, आणि गेली, पहिल्या चार महिन्यांत अकरा पुस्तकं गायब. मोठी माणसं म्हणाली किल्ली काढून घ्या. आम्ही नाही काढली, पोरांनाच विचारलं काय करायचं. त्यांनी यादी केली, दोघं-दोघं मिळून घरोघर गेली आणि नऊ परत आणली, एक तर एका आजींच्या गादीखाली सापडलं, आजीच वाचत होत्या. किल्ली दिलीच नसती तर दोन पुस्तकं टिकली असती फक्त.

पैसे पण द्या त्यांच्या हातात. 38 हजार नको, तीन हजार द्या, हिशोब वहीत आणि वही खोलीत टांगलेली, कुणीही बघावी. तीन हजारात ती काय करतात ते बघ, तुझ्या मंडळापेक्षा कंजूष निघतील.

मोबाईलवर येते. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला लांब नाही, तिथं 15 ऑगस्ट 2022 पासनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली, दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला आणि बाकीचे वाचायला गप्पा मारायला, साडेआठला परत भोंगा. पेपरात टीव्हीवर सगळीकडं आलं ते. लोक भोंगा बघायला जातात पण खरी गोष्ट दुसरी आहे, तो नियम पोरांवर नव्हता, अख्ख्या गावावर होता, आईची मालिका पण बंद आणि बापाचा फोन पण बंद. त्यासाठी आधी बायकांची सभा झाली, मग आशाताई, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. तुझ्या गावात सर पोरांना मोबाईलचे दुष्परिणाम सांगत होते तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर बसलेली मोठी माणसं काय करत होती, मी अंदाजानं सांगते, फोन बघत होती.

आता जरा रागावून बोलणार आहे. मुली कुठं आहेत तुझ्या पत्रात? चौदा ते एकोणीस वयाची चाळीस पोरं लिहिलंस, आणि पारावर आणि टाकीखाली बसणारी म्हणजे सगळी मुलगेच. तुमच्या गावात त्या वयाच्या मुली नाहीत का? त्या पारावर बसत नाहीत, मावा खात नाहीत, कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी काही करायची गरज वाटली नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे खोट शोधत बसण्याचा. दहावीनंतर तालुक्याला एसटीनं जाणं परवडत नाही म्हणून घरी बसलेली, सतरा वर्षाची, स्थळं बघायला सुरुवात झालेली, ती दिसतच नाही आपल्याला कारण ती कुठं दिसावी अशी जागाच गावात नाही. सावित्रीबाई आपल्या नायगावच्या, खंडाळा तालुक्यातल्या, आपण 3 जानेवारीला हार घालतो तेवढ्यापुरतं.

मुली यायच्या असतील तर नुसतं मुलींनी पण यावं असं पोस्टरवर लिहून चालत नाही. वेळ अंधाराच्या आत संपली पाहिजे, साडेपाच ते साडेसहा वगैरे, हिवाळ्यात अजून लवकर. खोलीला लाईट आणि जवळ वापरता येईल असं बाथरूम पाहिजे. एक बाई कायम हजर पाहिजे. आणि आधी आयांना भेटावं लागतं, तू नाही, तुझी बायको आणि आशाताई, घरात जाऊन चहा पिऊन, पोरगी कुठं बसणार कोण असणार कधी परत येणार हे सांगून. दोन मुली आल्या की चार येतात, पण त्या पहिल्या दोघींना सहा महिने लागू शकतात, धीर धर. आणि जाता जाता, तुझ्या बायकोला या सगळ्यात मदतीला घे म्हणताना आधी तिला विचार तिला काय वाटतं, तिच्या अंगावर अजून एक काम टाकू नको.

खेळाचं थोडक्यात. साताऱ्याच्या आदिती स्वामीनं 2023 ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीचं वर्ल्ड टायटल जिंकलं, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हंजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पोचली, सांगलीत बापाच्या पानटपरीवर बसणाऱ्या संकेत सरगरनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये वेटलिफ्टिंगचं सिल्व्हर आणलं. हे फोटो खोलीत लावशील तर लाव, पण पोरांना त्यांच्यासारखे व्हा असं सांगू नको. मोठ्या माणसांना सांग की त्या आदितीच्या सरावाची जागा म्हणजे उसाच्या रानातलं मैदान होतं आणि तिथं रोज एक कोच उभा होता. पोरगं मेडल आणो न आणो, मैदानावर रोज कुणीतरी आपली वाट बघतंय हे पुरतं त्याला. आणि गावात भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं असतीलच, त्यांना पण जोडून घे, बारकी पोरं त्यांच्या मागं आपोआप येतात.

जो एक जण माव्याच्याही पुढं गेलाय त्याच्याबद्दल. त्याला वगळू नका, आणि त्याला मंडळात बसवून सुधरवायचा पण प्रयत्न करू नका, ते तुमचं काम नाही, ते दवाखान्याचं काम आहे. साताऱ्यात परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो, आणि 14416 या टेलिमानस नंबरवर, ती सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, फुकट बोलता येतं, मराठीत. त्याच्याशी गावात ज्याचं पटतं अशा एकानंच बोलायचं, चार जणांनी घेरून नाही, त्याच्या आईला सोबत घ्यायचं. मावा खाणाऱ्यांना खोलीत खायचं नाही एवढाच नियम सांगा, दार बंद करू नका. बाकी पोरांना शरीराचे, टेन्शनचे, प्रेमाबिमाचे प्रश्न असतात त्याला ग्रामीण रुग्णालयात किशोरांसाठीचं मैत्री क्लिनिक असतं, आशाताईंना विचार, 10 ते 19 वयासाठी केंद्राचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासनं आहे पण आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

पैशाचं, सहा महिने कुणाकडं मागू नको. त्यानंतर ग्रामसभेत जा, आणि तू बोलू नको, पोरांना बोलू दे, एक मुलगा एक मुलगी, कागदावर मागणी लिहून. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कशावर जातो हे पोरांनी विचारलं की सभा जागी होते. जवळच्या कॉलेजच्या एनएसएसच्या, म्हंजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, अधिकाऱ्यांना भेट, त्यांना सात दिवसांच्या शिबिराला गाव लागतंच, पण तुमच्या पोरांनी ठरवलेलं काम त्यांनी करावं असं आधीच बोलून घे नाहीतर गटार साफ करून फोटो काढून जातील. 15 ते 29 वयासाठी केंद्राचं मेरा युवा भारत आहे, 2023 ला सुरू झालं, जिल्ह्यात पूर्वीच्या नेहरू युवा केंद्राचं ऑफिस त्यालाच जोडलंय, नाव नोंदवा. आणि कुठल्याही नेत्याचा फोटो टीशर्टवर घेऊ नका. आज एकाचा घेतला की गावातली निम्मी घरं पोरांना पाठवणं बंद करतील, तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

देवळाला रंग द्या की, त्याला माझा विरोध नाही, पण रंग कुठला आणि कोण देणार हे पोरांना ठरवू दे.

या रविवारी एवढंच कर. त्या सहा जणांना घरी बोलाव, मंडळाच्या ऑफिसात नाही, घरी, पोहे कर. अध्यक्ष म्हणून बोलू नको. विचार त्यांना, तुम्ही का आलात शेवटपर्यंत? आणि गावात काय असं आहे जे तुम्हाला खटकतं आणि तुम्हाला करता येईल? मग गप्प बस. पहिली पाच मिनिटं कुणी बोलणार नाही, तोंडाकडं बघत बसतील, तू घाईनं काही सुचवू नको, पावसाची माझी कल्पना पण काढू नको. जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्याकडं खोलीची किल्ली दे.

आणि पुढच्या पत्रात मला त्या सहा जणांबद्दल लिही. नावं नको, पण कोण काय करतं, कुणाला काय येतं, कोण रुसलंय, कोण नवीन आलंय, मुली आल्या का. दोन महिन्यांनी लिहिलंस तरी चालेल, छाटणी होऊ दे.